गजकर्णावरील झाडपाला : श्रद्धा व परीक्षा

आषाढ लागला कीं वांगणी स्टेशनाबाहेर पडणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांस, शेतांच्या बांधांवर आणि पडक्या भिंतींच्या कडेला एक हिरवें रोपटें इतक्या दाटीनें उगवतें कीं, त्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहात नाहीं. तो टाकळा होय. त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपण पहिल्या पावसांत आवडीनें खातों. पुढें तो जून झाला, त्यास पिवळीं फुलें व बारीक लांब शेंगा आल्या, म्हणजे तण म्हणून उपटून टाकितों. परंतु आपल्या पूर्वजांनीं ह्याच तणास ‘चक्रमर्द’ व ‘दद्रुघ्न’ अशीं दोन भारदस्त नांवें दिलेलीं आहेत. चक्र म्हणजे अंगावर उठणारें गजकर्णाचें वर्तुळ; त्याचें मर्दन करणारा तो चक्रमर्द. दद्रु म्हणजे आपण जिला दाद म्हणतों ती; तिचा नाश करणारा तो दद्रुघ्न. एखाद्या वनस्पतीस रोगाच्या शत्रूचेंच नांव मिळावें, हें त्या नांवामागें पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असल्याशिवाय घडत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या साध्या टाकळ्याविषयीं लिहावयास बसण्याचें कारण गेल्या पावसाळ्यांत घडलें. माझ्या वर्गांतील एक खेळकर मुलगा कवाईतीस येईनासा झाला. तो बाकावर एकटा बसे, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेई, आणि शेजाऱ्यानें खांद्यावर हात टाकिला कीं चटकन् दूर सरे. एके दिवशीं त्यास बाजूला घेऊन विचारिलें, तेव्हां त्यानें खालीं मान घालून बाही वर केली. दंडापासून काखेपर्यंत तांबूस कडांचीं वर्तुळें एकांत एक मिसळून गेलीं होतीं. चार महिने तो हें दुःख लपवीत होता. घरीं दोन पक्ष पडले होते. आजीचें म्हणणें, टाकळ्याचें बीं आंबट ताकांत वाटून लावावें. तिच्या माहेरीं सर्वजण तसेंच करीत. वडिलांचें म्हणणें, असल्या पाल्यानें कांहीं होत नाहीं. त्यांनीं कामावरून परततांना एका दुकानांतून मलमाची ट्यूब आणिली होती. आजी सकाळीं लेप लावी, वडील रात्रीं मलम लावीत, आणि गजकर्ण मात्र दोघांपैकीं कोणाचीच मर्जी न राखतां पसरत चाललें होतें.

ह्या दोघांत खरें कोणाचें? आजीचें म्हणणें अडाणीपणाचें नव्हतें, तसेंच वडिलांचेंही अविचाराचें नव्हतें. आपण लावतों तें नेमकें काय आहे, किती आहे व त्यानें काय होतें, हा प्रश्न मात्र दोघांनींही विचारिला नव्हता. आजीची श्रद्धा पानावर होती, वडिलांची दुकानावर. माझ्या मतें वनस्पती ही औषधाची खाण आहे. परंतु खाणींतील माती आणि त्यांतून निघणारें सोनें ह्यांत जें अंतर असतें, तेंच झाडपाला आणि औषध ह्यांत असतें. तें अंतर परीक्षेनेंच तोडतां येतें.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. गजकर्ण रक्त बिघडल्यानें, पापानें किंवा कोणाची दृष्ट लागल्यानें होत नाहीं. १८४१ पासून पुढील तीन-चार वर्षांत पॅरिस येथील डॉ. डेव्हिड ग्रुबी यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दाखवून दिलें कीं, ह्या जातीचे त्वचारोग बुरशीमुळें होतात. शिळ्या भाकरीवर जी बुरशी चढते तिचीच ही दूरची बहीण. आपल्या कातडीच्या वरच्या थरांत, केसांत व नखांत केराटिन नांवाचें कठीण द्रव्य असतें. तेंच तिचें अन्न. ती एका बिंदूपासून चहूंकडे सारखी वाढत जाते, मधला भाग निवळूं लागतो व कडा पेटलेल्या राहतात. म्हणून वर्तुळ दिसतें. तिला ऊब हवी, घाम हवा आणि ओल हवी.

ही तिन्ही आपल्याकडे विपुल आहेत. पावसाळ्यांत आपल्या घरांतील कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहींत, आणि सकाळची लोकल गांठावयाची म्हणून कित्येकजण ओलसर सदरा तसाच अंगांत घालून निघतात. डब्यांतील गर्दी, अंगास अंग व घामास घाम कसा लागतो, हें वांगणीकरांस सांगावयास नको. उल्हास नदीचें पाणी वर चढलें म्हणजे काय होतें, तेंही आपण जाणतों. २७ जुलै २०१९ रोजीं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकून पडली व शेंकडों उतारूंस नावांतून बाहेर काढावें लागलें, ती हकीकत सर्व देशानें वाचली. गाडी निघून गेली, पाणी ओसरलें. परंतु असा प्रत्येक पूर जी ओल मागें ठेवून जातो, ती बातमींत येत नाहीं. ती भिंतींत राहते, अंथरुणांत राहते आणि शेवटीं कातडीवर उमटते.

आतां आजीच्या पक्षाचा विचार करूं. कारण त्याच्या बाजूनें एक मोठा साक्षीदार आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे. गेल्या कांहीं शतकांत पोर्तुगीजांचीं जहाजें ब्राझील देशांतून जें सामान पूर्वेकडे आणीत, त्यांत एका झाडाच्या खोडांतील पोकळ्यांत सांपडणारी पिवळसर पूड असे. गोव्यांत ती गजकर्णावर लावीत, आणि तेथून ती ‘गोवा पावडर’ ह्या नांवानें मुंबईस येई. गुण इतका कीं लोक भारी किंमत देऊन घेत. परंतु ती कोणत्या झाडाची, हें विकणारे सांगत नसत व घेणाऱ्यांस ठाऊक नसे. १८६४ सालीं मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनीं तिच्याविषयीं विलायतेंतील औषधशास्त्राच्या नियतकालिकांत लिहिलें. पुढें १८७४-७५ च्या सुमारास ब्राझीलमधील बाहिया येथील डॉ. दा सिल्वा लिमा यांनीं ओळखलें कीं, मुंबईंत गाजणारी ही गूढ पूड म्हणजे आपल्याच देशांतील अरारोबा झाडाची पूड होय. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ ॲटफील्ड यांनीं १८७५ सालीं तिचें पृथक्करण केलें, आणि लवकरच तिच्यांतून काढलेलें क्रायसारोबिन नांवाचें द्रव्य युरोपांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या हातीं आलें.

ह्या गोष्टीचा आपल्या टाकळ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध फारच जवळचा आहे. टाकळ्याच्या बियांतील बुरशीनाशक द्रव्य कोणतें, ह्याचा शोध भारतीय संशोधकांनीं घेतला व तो १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांस जें मुख्य द्रव्य मिळालें तें क्रायसोफॅनिक आम्लाचें अँथ्रोन होय. आणि क्रायसारोबिनांतील मुख्य द्रव्यही तेंच आहे! ब्राझीलच्या अरण्यांतील वृक्षाच्या खोडांत जें द्रव्य सांपडलें, ज्याला मुंबईंत एके काळीं भारी मोल पडे, तेंच आपल्या बांधावरच्या, भाजी करून खाल्ल्या जाणाऱ्या टाकळ्याच्या बियांत निघावें, हा योगायोग विलक्षण नव्हे काय? ज्या कोणी प्रथम टाकळ्यास चक्रमर्द म्हटलें, त्यास रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु त्याचे डोळे उघडे होते. वडिलांनीं ‘पाल्यानें कांहीं होत नाहीं’ असें जें म्हटलें, तें म्हणूनच टिकत नाहीं.

परंतु येथेंच थांबून ‘तर मग वाटा टाकळा आणि लावा’ असा निष्कर्ष जो काढील, त्यानें गोवा पावडरीची पुढची हकीकतही ऐकावी. ती पूड गुणकारी खरी. पण ती कपड्यांवर न जाणारे डाग पाडी, निरोगी कातडी लाल करी व सुजवी, आणि चुकून डोळ्यांत गेली तर डोळे येत. ह्या दोषांमुळें डॉक्टरांनीं गजकर्णावरचा तिचा उपयोग हळूहळू सोडून दिला. पहिल्या महायुद्धांत १९१६ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल नांवाचें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. तें सोरायसिस ह्या दुसऱ्याच त्वचारोगावर कामास आलें व अद्यापिही येतें. म्हणजे झाडानें दिशा दाखविली. वाट माणसाला मोजूनमापून चालावी लागली. बियांत औषधी द्रव्य आहे एवढ्यानें वाटलेल्या लेपांत तें पुरेसें उतरतें असें होत नाहीं. ह्या वर्षींच्या व गतवर्षींच्या, ह्या शेतांतल्या व त्या डोंगरावरच्या बियांत तें सारख्याच प्रमाणांत असेल, असेंही कोणी सांगूं शकत नाहीं. शिवाय सर्वच झाडपाला टाकळ्यासारखा सौम्य नसतो. चित्रकाचें मूळ व बिब्ब्याचें तेल कातडीवर फोड आणतात; बावचीचें बीं लावून उन्हांत बसल्यास अंग भाजतें. रानांतलें तें सर्व निरुपद्रवी, ही समजूत रानांत राहणारे कधींच बाळगीत नाहींत. ती शहरांत निघालेली आहे.

प्रेम व परीक्षा हीं एकाच हातांत कशीं राहूं शकतात, ह्याचें उत्तम उदाहरण मुंबईंतच घडलें आहे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर ह्या मराठी सैनिकी डॉक्टरांनीं मेजर बसु यांच्यासह भारतांतील औषधी वनस्पतींवर जो प्रचंड ग्रंथ रचिला, तो १९१८ सालीं, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ति पुढें तिघांनीं सिद्ध केली : सेंट झेवियर कॉलेजांत वनस्पतिसंग्रह उभारणारे स्विस धर्मगुरु फादर ब्लॅटर, हाफकिन संस्थेंत संशोधन करणारे फादर कैयस, आणि डॉ. म्हसकर. ह्यांतील म्हसकर व कैयस यांनीं हाफकिन संस्थेंत आणखी एक काम केलें. सर्पदंशावर गुणकारी म्हणून गांवोगांव सांगितल्या जाणाऱ्या शेंकडों वनस्पती त्यांनीं जमविल्या व एकेक करून त्यांची परीक्षा घेतली. १९३१ सालीं त्यांनीं निष्कर्ष छापला तो असा कीं, ह्यांपैकीं एकही वनस्पती सर्पविषावर उतारा म्हणून चालत नाहीं. हे वनस्पतींचे शत्रु होते काय? ज्यांनीं वनस्पतींच्या महाग्रंथासाठीं आयुष्याचीं वर्षें वेंचलीं, त्यांनींच हा निकाल दिला. सर्पदंश झालेल्या कित्येकांचे प्राण पाल्याच्या भरंवशावर जात होते; तेव्हां खरें सांगणें हीच त्यांनीं वनस्पतिशास्त्राची सेवा मानिली. टाकळ्याविषयीं अनुकूल बोलणें व सर्पदंशाच्या पाल्याविषयीं प्रतिकूल बोलणें ह्यांत विरोध नाहीं. दोहोंकडे कसोटी एकच आहे.

आतां वडिलांच्या पक्षाकडे वळूं; कारण आज अधिक नुकसान तिकडून होत आहे. दुकानांत सहज मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीनाशक द्रव्याबरोबर स्टेरॉईड मिसळलेलें असतें. स्टेरॉईड हें वाईट द्रव्य नव्हे. योग्य रोगांत योग्य हातीं तें वरदान आहे. परंतु गजकर्णावर तें लावलें म्हणजे दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते, आणि रोग्यास वाटतें कीं रोग गेला. वास्तविक शरीराची पहारेकऱ्यांची फळी तेवढी झोंपविलेली असते. बुरशी आंत सुखानें पसरते, वर्तुळाच्या कडा पुसट होऊन डॉक्टरांसही रोग ओळखणें कठीण जातें, कातडी पातळ होते व तिच्यावर कधींही न जाणारे चट्टे उठतात. हा धोका ओळखून केंद्र सरकारनें २०१८ सालीं अशीं स्टेरॉईडयुक्त मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. तरीही आपल्यापैकीं कितीजणांच्या घरच्या फळीवर अर्धवट पिळलेली अशी ट्यूब पडलेली आहे, हें प्रत्येकानें आपल्याशींच आठवून पाहावें.

गेल्या दहा-बारा वर्षांत भारतांतील गजकर्णाचा स्वभावच बदलला आहे. पूर्वीं कांहीं आठवड्यांत बरें होणारें गजकर्ण आतां महिनोन्‌महिने रेंगाळतें व एका माणसापासून सबंध घरास लागतें. २०२० सालीं जपानी संशोधकांनीं भारतीय व नेपाळी रोग्यांपासून घेतलेल्या बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असें स्वतंत्र नांव दिलें. टर्बिनाफिन हें ज्याच्यावर आजवर भिस्त होती तें औषध तिच्या पुष्कळ वाणांवर चालत नाहीं. २०२३ सालीं ती अमेरिकेंत न्यूयॉर्कमध्यें आढळली, तेव्हां तेथील आरोग्यखात्यासही दखल घ्यावी लागली. मिश्र मलमांच्या स्वैर वापरानें ह्या अनर्थास हातभार लावला असावा, असें अनेक त्वचारोगतज्ज्ञांचें मत आहे. हिंदुस्थानचें नांव जगांत ज्या कारणांनीं जावें असें आपणांस वाटतें, त्यांत हें कारण खासच नव्हतें.

आणि म्हणूनच आजीच्या ज्ञानाचें मोल आज कमी न होतां वाढलें आहे. जुनीं औषधें निष्प्रभ होऊं लागलीं म्हणजे नवीं शोधावीं लागतात, आणि तीं शोधावयाचीं तर कोठून आरंभ करावा हें ज्यांस ठाऊक आहे त्यांच्याकडेच जावें लागतें. चंदेरीच्या डोंगराखालच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी वृद्धांस टाकळ्याप्रमाणेंच गजकर्णी नांवाचें पांढऱ्या फुलांचें झुडूप ओळखतां येतें. त्याच्या मुळांतील ऱ्हायनाकँथिन नांवाच्या द्रव्यांनीं प्रयोगशाळेंत बुरशीची वाढ रोखून दाखविली आहे. टाकळ्याच्याच कुळांतील एका मोठ्या पानांच्या झुडपापासून फिलिपाइन्स देशांत गजकर्णावरील औषधी द्रव बनवितात, आणि तेथील आरोग्यखात्यानें परीक्षा करून मान्यता दिलेल्या दहा औषधी वनस्पतींत त्याचा समावेश आहे. जें तेथें झालें, तें येथें होऊं नये असें कांहीं नाहीं. मात्र घाई उपयोगाची नाहीं. ग्रिसिओफुल्विन हें गजकर्णावरचें पोटांत घेण्याचें पहिलें भरंवशाचें औषध एका बुरशीपासूनच १९३९ सालीं मिळालें. परंतु गजकर्णावर तें चालतें हें १९५८ सालीं कळलें. एकोणीस वर्षें औषध हातांत होतें, आणि उपयोग ठाऊक नव्हता!

तर मग आपण काय करावें? पालकहो, पहिली विनंती आपणांस. मुलाच्या अंगावर वर्तुळ दिसल्यास त्यास लाज वाटूं देऊं नका; लपविलेलें गजकर्ण दुप्पट वाढतें. त्यास त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या, आणि घरांत आणखी कोणास असल्यास सर्वांवर एकदम उपचार करा. टॉवेल व कपडे वेगळे ठेवा; पावसाळ्यांत उन्हाच्या अभावीं कपड्यांवर गरम इस्त्री फिरवा. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत औषध सोडूं नका.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांस. घरांतील प्रत्येक मलमावरील बारीक अक्षरें वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असें नांव आढळलें तर तें स्टेरॉईड आहे असें समजा व डॉक्टरांस विचारल्याशिवाय तें कोणास लावूं देऊं नका. आपल्या वांगणींत दृष्टिहीन बांधवांचीं पुष्कळ कुटुंबें राहतात. लोकलमध्यें वस्तु विकून त्यांतील कित्येकजण स्वाभिमानानें संसार चालवितात. खाज त्यांस कळते. परंतु डाग तांबडा आहे कीं पुसट झाला आहे, आणि ट्यूबवर काय छापलें आहे, हें त्यांस दिसत नाहीं. शेजारच्या काकांकडे जाऊन तीं चार अक्षरें मोठ्यानें वाचून दाखविणें, हा आपल्या शिक्षणाचा अगदीं पहिला उपयोग आहे.

तिसरी गोष्ट टाकळ्याची. आजीला हंसूं नका, आणि तिचा लेप आंधळेपणानें लावूंही नका. वही घेऊन तिच्यापाशीं बसा. कोणतें झाड, त्याचें कोणतें अंग, कोणत्या महिन्यांत, कशांत वाटून, किती दिवस लावीत, आणि कोणास गुण आला नाहीं, हें सर्व लिहून घ्या. शेवटचा प्रश्न विसरूं नका, कारण परीक्षेचा आरंभ तेथून होतो. झाडाची फांदी फुलांसह कागदांत दाबून वाळवा व आपल्या विज्ञानशिक्षकांस दाखवा. गोवा पावडर कित्येक वर्षें लोकांस गुण देत असूनही शास्त्राच्या कामास आली नाहीं, कारण तिचें झाड कोणतें हें कोणी लिहून ठेविलें नव्हतें.

त्या मुलाचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. त्वचेच्या डॉक्टरांनीं ट्यूब बंद करविली, आजीसकट घरांतील चौघांस औषध दिलें, आणि दिवाळीनंतर तो पुन्हा बाह्या दुमडून खोखोच्या पाटींत उभा राहिला. आजीनें मात्र मला निरोप पाठविला कीं, टाकळ्याचा अपमान झाला. मीं उलट निरोप धाडिला कीं, अपमान मुळींच नाहीं. येत्या पावसाळ्यांत आपला नातू वही घेऊन आपल्यापाशीं बसेल, तेव्हां सर्व कांहीं त्यास नीट सांगावें. त्याप्रमाणें त्यानें वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर टाकळ्याची एक वाळलेली फांदी चिकटविलेली असून खालीं आजीचें नांव लिहिलें आहे.